पाटीचं रीडिंग

“मुलगी गुणी आहे,” बिडकर सर म्हणाले, आणि मला कळलं की आता सतरा नंबरचा फॉर्म निघणार.

आमचे मुख्याध्यापक कुणाच्याही मुलाला ढ म्हणत नसत. ज्याला शाळेतून घालवायचं, त्याला ते गुणी म्हणत. समोर माळवदे बसले होते. गावातले बहुतेक मंडप आणि सगळे लाउडस्पीकर त्यांचे. गणपती नुकतेच उठले होते, त्यामुळे त्यांचा स्वतःचा आवाज बसलेला होता. त्यांच्या खुर्चीमागे त्यांची मुलगी कृत्तिका उभी होती, दहावीतली. मी शास्त्र शिकवत असे आणि तिच्या वर्गाची वर्गशिक्षिका होते, म्हणून मलाही बोलावलं होतं.

“गुणी आहे, शांत आहे, वळण चांगलं आहे,” सर पुढे म्हणाले. “पण वाचता येत नाही हो. दहावीतल्या मुलीनं एक परिच्छेद वाचायला अर्धा तास घ्यायचा म्हणजे काय? मी तिच्या भल्यासाठी सांगतो. बाहेरून बसवा.”

ड्रॉवर उघडला आणि फॉर्म बाहेर आला.

सतरा नंबरचा फॉर्म भरला की मूल बाहेरून परीक्षेला बसतं. ते पास होवो की नापास, शाळेच्या निकालात धरलं जात नाही. आमच्या फाटकावर ‘सलग सहा वर्षे शंभर टक्के निकाल’ असा मोठा फलक होता, आणि दरवर्षी काही गुणी मुलं त्याच्याखालून बाहेर पडत. मुलगे त्यानंतर गॅरेजमध्ये दिसत. मुली परीक्षेपर्यंत क्वचितच पोचत. त्याच्या आधी त्यांचं लग्न पोचे.

“सर, तिला डिस्लेक्सिया आहे,” मी म्हणाले. “पुण्याच्या सरकारी रुग्णालयातून तपासून आणलंय. शाळेनं प्रस्ताव पाठवला तर बोर्ड जादा वेळ देतं, लेखनिक देतं. प्रश्न वाचून दाखवायला माणूस देतं. गेल्या चाचणीत मी तिला प्रश्न वाचून दाखवले. एक सोडून सगळी उत्तरं बरोबर आली.”

“बाई, डिक्सेलिया मला शंभर टक्के मान्य आहे.”

तो शब्द त्यांना कधी जमला नाही. कधी डिक्सेलिया, कधी डिस्केलिया, एकदा प्रार्थनेच्या वेळी डेक्सालिया. कुणी दुरुस्त करत नसे, कारण ते मुख्याध्यापक होते.

“मान्य आहे म्हणूनच तर कक्ष काढतोय,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी उद्घाटन. विस्तार अधिकारी खैरमोडे साहेब येतायत. ‘समावेशक शाळा’ पुरस्कारासाठी तालुक्यातून आपलं एकट्याचं नाव आहे.”

“कक्ष काढायचा आणि मुलीला घालवायचं?”

“कक्ष शाळेसाठी आहे. फॉर्म मुलीसाठी आहे. दोन वेगळे विषय आहेत, बाई. तुम्ही शास्त्रवाले सगळं एकाच भांड्यात ओतता.”

माळवदेंनी फॉर्म हातात घेऊन उलटसुलट केला. “सर, एक बोलू का? ही घरी मला सगळा आवाज सेट करून देते. अँप्लिफायर बिघडला तर कुठली वायर ते ही सांगते. डोकं नाही असं नाही. एवढं एक वर्ष शाळेत राहू द्या. बाहेरून म्हटलं की आमची आई स्थळं बघायला लागेल. आत्ताच म्हणते, वाचता येत नाही तर ठेवून काय करता.”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडे खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून रंगवणं चाललं होतं. तिथेच कक्ष होणार होता. पाहत असताना त्यांना काहीतरी सुचलं असावं, कारण चेहरा एकदम प्रसन्न झाला.

“पाहुण्यांना एखादं मूल दाखवावं लागेल ना,” ते म्हणाले. “असं करू. उद्घाटनाच्या दिवशी हिलाच दाखवू. साहेबांसमोर, माईकवर, ही कक्षाची पाटी वाचेल. तीन शब्द. नीट वाचली, तर मी प्रस्ताव पाठवतो. माझा शब्द. अडखळली किंवा चुकली, तर माळवदे, तुम्ही सोमवारी फॉर्म भरून आणायचा. मग बाईंनी मध्ये पडायचं नाही. आहे मान्य?”

माळवदेंनी माझ्याकडे बघितलं, मी कृत्तिकाकडे. ती सरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

“कुठले तीन शब्द?” तिनं विचारलं.

“अध्ययन अक्षम कक्ष.”

ज्या मुलांना जोडाक्षरं वाचताना त्रास होतो, त्यांच्या खोलीच्या नावात तीन शब्द होते आणि प्रत्येकात एक जोडाक्षर होतं. हे मी बोलले नाही. सरांनी माझ्यावर पुन्हा भांडं ओतलं असतं.

“मान्य आहे,” कृत्तिका म्हणाली.

*

तिच्या नावातही एक जोडाक्षर होतं आणि वर एक ऋकार. नाव आजोबांनी नक्षत्र बघून ठेवलं होतं. ते लिहिताना ती अडायची, तेव्हा मराठीचे नाईकनवरे सर वर्गात म्हणायचे, “हिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही.” मी एकदा कुतूहल म्हणून बघितलं होतं. हजेरीपटावर ती कृतिका होती, ओळखपत्रावर क्रुतिका, आणि चित्रकलेच्या प्रशस्तिपत्रावर कृर्तिका. ही तिन्ही लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही डिस्लेक्सिया नव्हता.

मला ती पहिल्यांदा कळली ती थर्मामीटरमुळे. नववीच्या वर्गाला मी पाण्याचा उत्कलनबिंदू काढायला दिला होता. पाणी उकळवा, थर्मामीटर धरा, पारा स्थिर झाला की रीडिंग घ्या. सगळ्या वर्गानं शंभर लिहिलं. ती मात्र स्टुलावरून उतरून, गुडघे वाकवून, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, अठ्ठ्याण्णव.”

“पुस्तकात शंभर आहे गं,” शेजारची म्हणाली.

“इथं अठ्ठ्याण्णव आहे.”

आमचं गाव पठारावर आहे. समुद्रसपाटीपासून उंच गेलं की पाणी शंभराच्या आधीच उकळतं. शंभर लिहिणाऱ्या मुलांनी थर्मामीटर बघितलाच नव्हता. म्हणजे डोळे तिकडे होते, पण आकडा पुस्तकातून आला होता. चटकन वाचता येणाऱ्यांचं असं होतं, त्यांना अर्धं आधीच माहीत असतं. हिला काहीच आधी माहीत नसायचं. प्रत्येक अक्षर ही तिच्यासाठी नवी भेट होती. त्यामुळे ती फार हळू जायची, आणि पाठ्यपुस्तकातल्या धड्यात वाट चुकायची. पण एखादी गोष्ट तिनं पाहिली म्हणजे ती तिनं खरोखर पाहिलेली असायची.

तेव्हा मी वर्गाला सांगितलं होतं, एखादं रीडिंग वेगळं आलं तर खोडायचं नाही. पुन्हा घ्यायचं. तीनदा तेच आलं, तर तेच लिहायचं.

*

उद्घाटनाची तयारी जोरात झाली. निमंत्रणपत्रिका छापून आल्या. खोलीला पिस्ता रंग लागला. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर अवयवांचा तक्ता. तो माझ्या प्रयोगशाळेतून नेला होता. खेळाचं सामान तात्पुरतं मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ ठेवलं. ‘तात्पुरतं’ हा शब्द सरांनी शिपायाला दोनदा सांगितला.

पाटी इक्बाल पेंटरकडे दिली होती. गुरुवारी तो ती घेऊन आला आणि ऑफिसात भिंतीला टेकवून ठेवली. निळ्यावर पिवळी अक्षरं, खाली कमळ. बिडकर सरांनी बघितली, नाईकनवरे सरांनी बघितली, पर्यवेक्षक गुंडेसरांनी बघितली आणि म्हणाले, “क्ष मस्त काढलाय.” मीही जाता जाता बघितली. सुबक होती. मग तिच्यावर शालीचा पडदा बांधला आणि ती कक्षाच्या दारावर लागली.

कृत्तिकाची तयारी नाईकनवरे सरांकडे होती. ते सूत्रसंचालन करत, चारोळ्या करत, आणि बिडकर सरांचं भाषणही तेच लिहीत. मधल्या सुट्टीत ते तिला स्टाफरूमच्या दाराशी उभं करत.

“म्हण. अध्ययन अक्षम कक्ष.”

“अध्ययन अक्षम कक्ष.”

“पुन्हा. ताठ उभी राहा. अध्ययनवर जोर. अध्ययन म्हणजे काय?”

“शिकणं.”

“शाब्बास. आणि हे बघ, त्या दिवशी पाटीकडे तोंड करायचं, पण बघायचं नाही. बघितलंस की अडखळशील. सरळ पाठ म्हणायचं. कुणाला कळतंय?”

शुक्रवारी ती प्रयोगशाळेत आली. मी बीकर पुसत होते. तीही फडकं घेऊन पुसायला लागली.

“बाई,” ती म्हणाली, “उद्या पाठ म्हणू का बघून म्हणू?”

“तुझं पाठ झालंय?”

“झोपेत पण येतंय. आजी म्हणाली, आता गप की.”

“मग?”

“पण बिडकर सर म्हणाले होते पाटी वाचायची. पाठ म्हटलं तर ते वाचलं असं होतं का?”

मला सांगायला हवं होतं की पाठ म्हण. सगळं त्या तीन शब्दांवर होतं. पण अशा प्रश्नाला मला दुसरं उत्तर येत नाही.

“वाचायचं म्हणजे बघून,” मी म्हणाले.

“आणि चुकलं तर?”

“थर्मामीटरचं करतेस तसं कर. पुन्हा घे.”

तिनं बीकर उजेडात धरून बघितला आणि जागेवर ठेवला.

*

शनिवारी माळवदेंनी कक्षासमोर छोटा मंडप टाकला होता. गुलाबी झालर, दोन पंखे, चार खुर्च्या. ते स्वतः कोपऱ्यात साउंडच्या पेटीजवळ बसले होते आणि सकाळपासून “हॅलो, चेक, चेक” करत होते. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता. पण माईकमधून तोही सगळ्या बाजारपेठेत ऐकू जात होता.

खैरमोडे साहेब वेळेवर आले. सडपातळ, दमलेले गृहस्थ. त्यांचं त्या दिवशीचं हे तिसरं उद्घाटन होतं, आणि गाडीत आधीच्या दोन शाली दिसत होत्या. दहावीचा वर्ग सतरंजीवर बसवला होता. आम्ही शिक्षक कक्षाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभे होतो, म्हणजे फोटोत पाटी आणि सगळा स्टाफ एकत्र येईल. ती रचना सरांचीच.

नाईकनवरे सरांनी ज्ञानाच्या दिव्यावर चारोळी म्हटली. नारळ फुटला. सरांनी दोरी ओढली, शाल खाली आली, टाळ्या झाल्या. साहेबांनी पाटीकडे बघितलं.

“सुंदर,” ते म्हणाले.

“आणि आता,” सर माईकवर म्हणाले, “ज्या मुलांसाठी हा कक्ष, त्यातलीच एक विद्यार्थिनी ही पाटी स्वतः वाचून दाखवेल. डिस्केलियाची मुलगी आहे, साहेब. आपल्या शाळेनं तिच्यावर विशेष मेहनत घेतलीय. ये, बाळ.”

कृत्तिका आली. वेण्यांना पांढऱ्या रिबिनी होत्या. नाईकनवरे सरांनी तिच्यासमोर माईक धरला आणि हळूच म्हणाले, “बघू नकोस.”

तिनं मान वर केली आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. पंख्यांचा आवाज येत होता.

“अ...” ती म्हणाली. “अध्या...”

नाईकनवरे सरांनी डोळे मिटले.

“अध्यापन,” कृत्तिका म्हणाली. “अध्यापन अक्षम कक्ष.”

वर्गात कुणीतरी हसलं. सर मात्र हसतमुख राहिले. “अध्ययन, बाळ. अध्ययन. घाबरू नकोस. पुन्हा म्हण.”

ती पुन्हा पाटीकडे वळली. या वेळी तिनं डावं बोट हवेत धरलं, एक डोळा मिटला आणि बोट अक्षराअक्षरानं सरकवत नेलं.

“अध्यापन अक्षम कक्ष.”

साउंडच्या पेटीजवळ माळवदे खाली बघत होते.

“बघा, साहेब,” बिडकर सर खेदानं म्हणाले. माईक आता त्यांनी आपल्या हातात घेतला होता. “आठवडाभर तयारी करून घेतली. यांचं असंच असतं. समोर काय लिहिलंय ते यांना दिसत नाही. मनात जे येईल ते वाचतात. नसलेला काना दिसतो, एका अक्षराच्या जागी दुसरंच दिसतं. आणि गंमत म्हणजे, आपण चुकतोय हे त्यांना सांगूनही पटत नाही. आपण त्यांच्यावर रागवायचं नाही. ती अक्षमता आहे. अशा मुलांनी बाहेरून परीक्षा द्यावी हे उत्तम, असं माझं प्रामाणिक मत आहे.”

“चालायचंच,” साहेब म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

“कृत्तिका,” मी रांगेतून म्हणाले. “तिसरं रीडिंग घे.”

सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी कार्यक्रमात शिंकले होते. पण कृत्तिकाला मी काय म्हणते ते कळलं. ती दोन पावलं पुढे आली, माईकपासून लांब. तरी तिचा आवाज सगळीकडे ऐकू आला, कारण तिच्या वडिलांनी पेटीवर काहीतरी फिरवलं.

“अ,” ती म्हणाली. “मग ध्य. त्याला काना आहे. ध्या. मग प. मग न.” ती थांबली. “तेच येतंय, बाई.”

तेव्हा मी पाटी वाचली. गुरुवारीही मी ती बघितली होती, पण तेव्हा पुस्तकातून शंभर लिहिलं होतं. आता मी गुडघे वाकवणाऱ्या माणसासारखी एकेका अक्षरावर गेले. मग रांग सोडून दारापाशी गेले, टाचा उंचावल्या आणि दुसऱ्या अक्षराच्या पुढच्या अक्षराखाली बोट ठेवलं.

“सर, हे काय आहे?”

“अध्ययन,” सर म्हणाले.

“पूर्ण शब्द नको. हे एकच अक्षर.”

“य.”

“सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. साहेब खुर्चीतून उठले. सतरंजीवरच्या दहावीच्या वर्गानं माना वर केल्या, आणि आमच्या शाळेत पहिल्यांदाच साठ मुलांनी कुणी न सांगता एकदम काहीतरी लक्ष देऊन वाचलं. मग पाठीमागच्या बाकड्यावर बसणाऱ्यांपैकी एकानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश म्हटलं, “अध्यापन अक्षम कक्ष.”

अध्ययन म्हणजे शिकणं, हे नाईकनवरे सरांनी तिला आठवडाभर शिकवलं होतं. अध्यापन म्हणजे शिकवणं, हे आम्हा सगळ्यांना बी.एड.मध्ये शिकवलं होतं. ज्यांना शिकवता येत नाही अशांच्या खोलीची ती पाटी होती, आणि तिच्याखाली आमचा पूर्ण स्टाफ दोन रांगांत, इस्त्रीच्या कपड्यांत उभा होता. फोटोग्राफरला काही कळलं नव्हतं. त्यानं तेवढ्यात फोटो काढला.

“माळवदे,” सर म्हणाले, “माईक बंद करा.”

“बटण सापडेना, सर,” माळवदे म्हणाले.

“पेंटरनं घोळ घातला,” सर साहेबांना म्हणाले, आणि तेही बाजारपेठेत ऐकू गेलं.

इक्बाल पेंटर मंडपाच्या खांबाशी उभा होता. “फोनवर सांगितलं तेच काढलं, सर,” तो म्हणाला. “तुम्ही तिघांनी बघून पास केली की.”

“क्ष मस्त काढलाय, असं तुम्हीच म्हणालात,” गुंडेसरांकडे बघून तो पुढे म्हणाला. गुंडेसर कमळाकडे बघत राहिले.

खैरमोडे साहेब पाटीच्या अगदी जवळ गेले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जाग दिसली. “मी ‘सुंदर’ म्हणालो होतो,” ते स्वतःशीच म्हणाले. मग मुलीकडे वळले. “तुला कसं दिसलं गं?”

“मला एकदम दिसत नाही, साहेब,” कृत्तिका म्हणाली. “एकेक बघावं लागतं.”

*

ऑफिसात पोहे आले. साहेबांनी बशी घेतली. सर बशी न घेता उभे होते. दारात माळवदे बापलेक थांबले होते. खांद्यावर गुंडाळलेली वायर माळवदेंनी अजून उतरवली नव्हती.

“प्रस्ताव, सर,” मी म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवला.

“बाई, वेळ काळ बघत जा. आणि ठरल्याप्रमाणे झालेलं नाही. तिनं ‘अध्ययन’ म्हणायचं ठरलं होतं.”

“पाटी वाचायचं ठरलं होतं.”

“पाटी चुकीची होती.”

“तिनं बरोबर वाचली.”

“अहो, पण अडखळली की. अडखळली तरी फॉर्म, असं स्पष्ट म्हणालो होतो मी. माळवदे, म्हणालो होतो की नाही?”

ही अट खरी होती. ती अडखळली होती. तेवढ्यात साहेबांनी बशी खाली ठेवली.

“बिडकर,” ते म्हणाले, “मला आज अहवाल लिहायचाय. कक्षाचं उद्घाटन झालं, एवढं लिहितो. पाटीवर काय होतं ते लिहायलाच पाहिजे असं नाही. पण लाभार्थी विद्यार्थी किती, असा एक रकाना आहे. तिथं मी शून्य लिहिलं, तर वरचे लोक विचारतील की मग खोली कशाला. मग पाटी बघायला येतील.”

“तसं कशाला, साहेब,” सर म्हणाले.

“लेखणी घ्या.”

सरांनी सही केली. सहीच्या वर विद्यार्थिनीचं नाव लिहायची जागा होती. तिथं त्यांनी झरझर लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो कृत्तिकाला दाखवला. तिनं बोट ठेवून बघितलं.

“सर, त दोन आहेत,” ती म्हणाली. “एक राहिला.”

सरांनी तो घातला. माळवदेंनी खांद्यावरची वायर दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मुलीला म्हणाले, “चल, पंखे उतरवायचेत.” बाहेर गेल्यावर माईक पुन्हा लागला. “हॅलो, चेक,” माळवदे म्हणाले, काहीच तपासायचं नसताना.

*

मार्चमध्ये तिला जादा वेळ मिळाला, आणि प्रश्न वाचून दाखवायला नववीतली एक मुलगी. ती पास झाली. पहिली वगैरे आली नाही. पेपरात फोटो यावा असं काही झालं नाही. फाटकावर ‘सलग सात वर्षे’ झालं. पुरस्कारही आम्हालाच मिळाला, आणि तो घेताना बिडकर सर भाषणात म्हणाले की आमच्या शाळेत डेक्सालियाची मुलंसुद्धा पाटी वाचतात. टाळ्या झाल्या.

पाटी उद्घाटनाच्याच संध्याकाळी दुरुस्त झाली होती. इक्बालनं काना निळ्या रंगानं बुजवला आणि प ला पोटाशी एक वळण देऊन त्याचा य केला. खेळाचं सामान दिवाळीपर्यंत कक्षात परत आलं. कृत्तिका वर्षभर माझ्या प्रयोगशाळेतच शिकली. मी वाचायचे, ती ऐकायची आणि उत्तरं सांगायची. हळूहळू आणखी दोन गुणी मुलं येऊन बसायला लागली.

माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते तेव्हा बऱ्याच वर्षांनी कृत्तिका शाळेत आली, मोटारसायकलवरून, पाठीला पेटी बांधून. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली होती, आणि गावोगावच्या शाळांतल्या टाक्यांचे नमुने घेत फिरत होती. आमची टाकी कक्षाच्या मागे आहे. मी तिला सोबत घेऊन निघाले.

दारासमोर ती थांबली. मान वर केली, एक डोळा मिटला. बोट नुसतं थोडं उचललं.

“बाई,” ती म्हणाली, “काना परत आलाय.”

मी बघितलं. वरचा निळा रंग उन्हापावसात उडाला होता, आणि त्याच्याखालचा पिवळा काना चांगला ठसठशीत उभा होता. य चं वळणही गेलं होतं. पुन्हा प झाला होता. कधी झालं, कुणास ठाऊक. मी त्या दारासमोरून रोज जात होते.

“सांगायचं का कुणाला?” मी विचारलं.

ती विचार करत होती, तेवढ्यात नाईकनवरे सर व्हरांड्यातून आले. बिडकर सरांच्या नंतर आता तेच मुख्याध्यापक होते. कृत्तिकाला त्यांनी ओळखलं नाही. अंगावरचं सरकारी ओळखपत्र बघून नमस्कार केला.

“काय बघताय, मॅडम? पाटी?” त्यांनीही वर पाहिलं, कौतुकानं. “जुनी आहे. चांगली आहे ना? मी स्वतः तपासून घेतली होती.”

“हो, सर,” कृत्तिका म्हणाली. “एकदम बरोबर आहे.”